शब्दचर्चा: वेल्श ‘ब्राडुर’ला मराठीत काय म्हणायचं? गद्दार, फितूर की संपफोड्या?

दगडफूल:
नॉर्थ वेल्समधल्या पेनरिनच्या स्लेट खाणीतल्या मोठ्या संपावर मराठीत लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. संप १९०० च्या नोव्हेंबरात सुरू झाला तो थेट १९०३ च्या नोव्हेंबरापर्यंत, जवळपास २८०० कामगार बाहेर पडले होते, भांडणाच्या मुळाशी युनियनचा हक्क. मालक लॉर्ड पेनरिन, त्याची भूमिका अशी की कामगाराने एकट्याने येऊन तक्रार सांगावी, कमिटी वगैरे चालणार नाही. जून १९०१ मध्ये खाण परत उघडली तेव्हा चारशेच्या आसपास माणसं कामावर गेली आणि मालकाने त्यांना बक्षीस म्हणून माणशी एक सोन्याचं नाणं दिलं. त्यानंतर बेथेस्डा गावात घरांच्या खिडक्यांत छापील कार्डं लागली, ‘निद ऑइस ब्राडुर अन अ टी हुन’. म्हणजे ‘या घरात ब्राडुर नाही’.

डिक्शनरीत ब्राडुर म्हणजे देशद्रोही, विश्वासघातकी. पण ‘या घरात विश्वासघातकी नाही’ असं कार्ड कोण लावेल? गद्दार घ्यावा तर तो आता पक्ष बदलणाऱ्या आमदारांना चिकटलाय, वाचकाच्या डोळ्यासमोर भलतंच चित्र येतं. काय सुचतंय?

घाटमाथा:
संपफोड्या. आपल्या गिरणगावातला अस्सल शब्द आहे, कामगार चळवळीतला आहे, आणि प्रसंग तोच आहे. विषय संपला.

दगडफूल:
अर्थाने बरोबर आहे हो, पण वजन कमी पडतं. संपफोड्या म्हणजे त्या संपापुरता. बेथेस्डात संप मिटला तरी शब्द मिटला नाही. संपवाले चॅपलमध्ये (अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरात) जायचे आणि कामावर गेलेले अँग्लिकन चर्चमध्ये, दुकानं वेगळी, काही कुटुंबांत पुढच्या पिढ्यांपर्यंत बोलणं बंद. आणि वेल्शमध्ये हा शब्द युनियनवाल्यांनी घडवलेला नाही, त्याच्यामागे फार जुना इतिहास आहे.

उंबरठा:
त्या जुन्या इतिहासाबद्दल थोडं लांब लिहितो, कारण शब्द निवडताना तोच उपयोगी पडेल.

मूळ शब्द ‘ब्राड’. वेल्श दंतकथेत लांब सुऱ्यांचा ब्राड म्हणून प्रसंग आहे, सॅक्सन लोकांनी (म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी) तहाच्या जेवणाला बोलावून ब्रिटन, म्हणजे वेल्श लोकांच्या पूर्वजांच्या, सरदारांना मारलं तो. मग १८४७ साली लंडनहून नेमलेल्या तीन कमिशनरांनी वेल्समधल्या शिक्षणाचा सरकारी रिपोर्ट दिला, तिघेही इंग्रज, तिघांनाही वेल्श येत नव्हतं, आणि रिपोर्टात शाळांच्या वाईट अवस्थेबरोबर असंही लिहिलं की वेल्श भाषा ही प्रगतीतली अडचण आहे, लोक अनीतिमान आहेत, बायकांच्या चारित्र्यावरसुद्धा शिंतोडे. सरकारी रिपोर्टांची कव्हरं निळी असायची, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं ‘निळ्या पुस्तकांचा ब्राड’, त्या जुन्या सुऱ्यांची आठवण मुद्दाम ठेवून. वेल्समध्ये पुढे जे भाषेचं आणि राष्ट्रीयत्वाचं राजकारण उभं राहिलं त्यात हे नाव सारखं येतं.

आता मराठीकडे बघा. शत्रूने तहाला बोलावून मारलं तर आपण त्याला दगा म्हणतो. आपलाच माणूस शत्रूला जाऊन मिळाला तर ती फितुरी. बखरी वाचलेल्या कोणालाही हा फरक शिकवावा लागत नाही, गनीम दगा करतो, फितूर किल्लेदार होतो. वेल्शमध्ये दोन्हीला एकच ब्राड. मग सुऱ्यांच्या गोष्टीत दगा आणि खिडकीतल्या कार्डावर फितूर असं करावं लागेल. ‘या घरात फितूर नाही’. मला हे वाचताना बरोबर वाटतं, कारण किल्ल्यातल्या शिबंदीसारखा अख्खा गाव तीन वर्षं वेढ्यात होता, सैन्यसुद्धा आणलं होतं तिथे.

निळ्या पुस्तकांचं मात्र अवघड आहे. कमिशनर बाहेरचे म्हणजे दगा, पण त्यांना माहिती पुरवली कोणी? साक्षीदारांत अँग्लिकन चर्चच्या पाद्र्यांचा भरणा होता, त्यातले कित्येक वेल्शच, आणि बहुसंख्य जनता चॅपलला जाणारी. म्हणजे लोकांना राग आला तो घरभेदीपणाचाही. तिथे ‘निळ्या पुस्तकांची फितुरी’ म्हटलं तर अर्धीच गोष्ट येते आणि दगा म्हटलं तरी अर्धीच.

दगडफूल:
हे फार कामाचं आहे. घरभेदी शब्द डोक्यातच आला नव्हता, ‘या घरात घरभेदी नाही’ मात्र विचित्र होईल.

आता दुसरा शब्द, तोही याच संपातला. कामावर गेलेल्यांना आणि आधीपासून साहेबाच्या मागे-पुढे करणाऱ्यांना ‘कन्फॉनुर’ म्हणायचे. कन्फॉन म्हणजे शेपूट.

चुनखडी:
अहो मग लांगूलचालन! लांगूल म्हणजे शेपूटच की. आपल्या पेपरांत रोज छापून येतो पण त्यातली शेपूट कोणाला दिसत नाही.

घाटमाथा:
लांगूलचालन भाषणातला शब्द आहे, खाणीत दगड फोडणारा माणूस असं बोलणार नाही. त्यापेक्षा ‘शेपूटहलव्या’ करा, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. चमचा सगळ्यात सोपा पण त्यात शेपूट जाते. आणि ‘शेपूट घालणे’ टाळा, तो भित्रेपणा झाला, हा लाळघोटेपणा आहे.

दगडफूल:
शेपूटहलव्या छान आहे. पण शेपूट हलवून मिळायचं काय हे कळल्याशिवाय वाचकाला त्या शब्दातला राग कळणार नाही, त्यासाठी ‘बार्गेन’ समजावं लागतं. खाणीत तीन-चार जणांच्या टोळीला खडकाचा एक पट्टा महिन्याच्या बोलीवर मिळायचा, त्याला बार्गेन म्हणत. खडक चांगला असला की स्लेट भराभर सुटते, वाईट असला की महिनाभर राबून हातात काही नाही, म्हणून दर महिन्याला मुकादम आणि टोळी यांच्यात भाव ठरायचा. मुकादमाची मर्जी असली तर चांगला खडक किंवा चांगला भाव. म्हणजे शेजारच्याने शेपूट हलवली की तुमच्या घरातली भाकरी कमी. बार्गेनला मराठीत ठेका म्हणू का मक्ता?

चुनखडी:
उक्तं काम. गवंडी, बिगारी आजही तसंच म्हणतात, रोजावर की उक्तं?

उंबरठा:
उक्तं जवळचं आहे, पण उक्त्यात रक्कम एकदा ठरली की ठरली. इथे दर महिन्याला घासाघीस होती, आणि त्या घासाघिशीमुळेच खाणकामगार स्वतःला मजूर न मानता कारागीर मानत होते, बार्गेन आमची, तिथे काम कसं करायचं ते आम्ही ठरवणार. मॅनेजमेंटने मधे मोठे कंत्राटदार घुसवले तेव्हा नुसती मजुरी नाही, हा मानही गेला. मी तर बार्गेन असंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘महिन्याच्या बोलीचं उक्तं काम’ असं लिहीन. ठेका आणि मक्ता दोन्ही नकोत, त्यात वाचकाला ठेकेदार दिसेल आणि इथे ठेकेदार हीच तर तक्रार आहे.

घाटमाथा:
हे पटलं. कार्डाबद्दलही उंबरठा म्हणतात ते मान्य, फितूर. पण जे चारशे कामावर गेले त्यांच्याबद्दल तुम्ही स्वतःच्या आवाजात लिहाल तिथे ‘कामावर परतलेले’ एवढंच लिहा. फितूर हा संपवाल्यांचा शब्द आहे, तो त्यांच्या तोंडी आणि त्यांच्या खिडकीतच राहू द्या. परतलेल्यांतही घरी उपाशी पोरं असलेले होतेच.

दगडफूल:
हो, तसंच करते. कार्डावर ‘या घरात फितूर नाही’, शिवी म्हणून शेपूटहलव्या, माझ्या वाक्यात कामावर परतलेले, बार्गेन तसाच. राहिली निळी पुस्तकं. ‘निळ्या पुस्तकांचा घात’ कसं वाटतं? घात परक्याचाही असतो आणि घरच्याचाही.

उंबरठा:
घात चालेल. मग सुऱ्यांनाही घातच ठेवा, म्हणजे एका नावाने दुसऱ्याची आठवण येते ती मराठीतही येईल.