स्त्रीवादाला होणारा विरोध : तत्त्वाचा की सातबाऱ्याचा?

गोदाकाठ : स्त्रीवादी चळवळीवर आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला स्त्रीद्वेष्टा ठरवणे मला मान्य नाही. सासरी होणाऱ्या छळाविरुद्ध १९८३ साली आलेल्या कलम ४९८अ खाली सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात पोलिसांना बजावले. तक्रारीत गोवली गेलेली सासूही स्त्रीच असते. शिवाय या चळवळीची भाषा पुण्या-मुंबईच्या सभागृहांतली आहे. निफाडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईशी तिचा काय संबंध?

मखमलाबादकर : अटकेबाबतचा मुद्दा रास्त आहे. शहरीपणाचा आक्षेप मात्र निदान आपल्या नाशिक जिल्ह्यात तरी टिकत नाही, कारण १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडलाच भरले होते आणि त्याला आलेल्या बाया शेतातूनच आल्या होत्या. पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीमही त्याच संघटनेने पुढे चालवली.

गोदाकाठ : हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. संघटनेचे नेते शरद जोशींनी नवऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. जमीन त्यांनी स्वखुशीने द्यावी, असे आवाहन केले. कोर्टकचेरीने घरे तुटतात.

वकिलीणबाई, सिन्नर : स्वखुशीचे म्हणाल, तर बहीण ज्यावर सही करून आपला वाटा सोडते, त्या हक्कसोडपत्रावरही तेच लिहिलेले असते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, आणि त्या दुरुस्तीपूर्वी वडील वारले असले तरी तो हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही भूसंपादनाचा मोबदला जवळ आला, की बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सहीसाठी बोलावले जाते, आणि दिवाळीला माहेरी येण्याची वाट बंद होऊ नये म्हणून त्या सही करतात. जी नकार देते, तिच्याविषयीच ‘फार शिकली’ असे बोलले जाते. कुटुंब मोडेल, जमिनीचे तुकडे होतील, हेच आक्षेप स्त्रियांना वारसाहक्क देऊ पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावरही घेतले गेले होते आणि ते बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. भावाभावांत वाटणी होताना हेच तुकडे कोणाला खुपत नाहीत, हे जाता जाता नमूद करते.

त्र्यंबकवासी : २०१६ मध्ये आमच्याकडे त्र्यंबकेश्वर मंदिरात महिलांच्या गर्भगृहप्रवेशाचा वाद पेटला, तेव्हा देवस्थानाने पुरुषांनाही आत जाण्यास बंदी केली होती. त्यामुळे विरोध केवळ सातबाऱ्याचा आहे, असे मला वाटत नाही. बरोबरी नको, हीही एक भूमिका असते.

गोदाकाठ : देवस्थानाचा विषय श्रद्धेचा आहे, तो येथे आणू नये. हक्कसोडीबाबत एवढेच विचारतो की, बहिणीच्या लग्नात बापाने जे दिले, त्याचा हिशेब कोणी करायचा?

वकिलीणबाई, सिन्नर : जरूर करावा. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो जातो सासरच्या हाती. तो बहिणीच्या खात्यात कसा धरणार, हे आधी सांगावे.