अंडपेशी विषाणूचा डीएनए ‘शोषते’ म्हणावं का?

प्रश्न (विटा): बारावीच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढतेय. ‘अंडपेशी बाहेरच्या विषाणूचा डीएनए शोषून घेऊ शकते’ असं लिहिलं आणि हात अडला. जमीन पाणी शोषते, टीपकागद शाई शोषतो. पेशीला हे क्रियापद चालेल? आणि अंडपेशी म्हणू, स्त्रीबीज की बीजांड?

तासगाव: बीजांड नको, ताई. झाडांत बीजांडाचं पुढे बी होतं, अंडपेशी त्याच्या आत असते. माणसापुरतं लिहिताय तर स्त्रीबीज, सगळ्या प्राण्यांसाठी अंडपेशी.

‘शोषते’ मात्र खोडाच. शोषण्यात काम शोषणाऱ्याचं असतं. इथे सगळा खटाटोप विषाणूचा. पेशीच्या डीएनएत स्वतःची प्रत घालणारे विषाणू म्हणजे रेट्रोव्हायरस. असा विषाणू डीएनए घेऊन येतच नाही, आरएनए आणतो. पेशीवरच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) तो पेशीच्या डीएनएत सांधतो. म्हणजे ‘शिरतो’ आणि ‘सांधतो’. सुटा डीएनए अंडपेशी सहसा आत घेत नाही. प्रयोगशाळेत फलित अंडपेशीत काचेच्या बारीक सुईने टोचून घालतात.

विटा: आणि पुढच्या पिढीत गेला तर? ‘संक्रमित’ फार कोरडं वाटतं.

तासगाव: ‘उतरला’ म्हणा. आमच्याकडे गावठी खुंटावर केसर आंब्याचं कलम बांधतात. खुंट झाडाला जन्मभर पोसतो, पण केसरच्या कोयीत खुंटाचं काही उतरत नाही. तसंच एचआयव्ही पांढऱ्या पेशींच्या डीएनएत सांधला जातो, तरी तो त्या वाटेने वंशात उतरत नाही. अंडपेशीत, शुक्रपेशीत किंवा त्या ज्यांच्यापासून होतात त्या पेशींत सांधला गेला, तरच उतरतो. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग असाच, जुन्या रेट्रोव्हायरसांकडून उतरलेला. त्यातल्या एका जनुकाचं सिन्सिटिन हे प्रथिन आज गर्भाची वार घडवायला लागतं. हे मुलांना नक्की सांगा.

मिरज: पोल्ट्रीवाला म्हणून एक सांगतो. कोंबड्यांच्या ल्युकोसिसचा (रक्तपेशींच्या कर्करोगाचा) विषाणू दोन वाटांनी पिल्लात येतो. रोगट कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात तो असतो, तिथून पिल्लाला लागण होते. ते ‘अंड्यातून येणं’. दुसरा प्रकार कोंबड्यांच्या डीएनएतच आहे, नराकडूनही येतो. त्याला अंड्यातून आला म्हणालात तर चुकेल.

विटा: बरं झालं सांगितलंत. ‘अंड्यातून लागण झाली’ आणि ‘वंशात उतरला’ अशी दोन वेगळी वाक्यं करते, दोन्हीकडे कोंबडीचंच उदाहरण घेऊन.