मदत हवी आहे : गायरानातून गॅसची पाइपलाइन चालली आहे, हरकत कुणी आणि कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. गेल्या आठवड्यात शेळ्या चारायला गेलेल्या एका आजींनी घरी येऊन सांगितलं, "बाई, गायरानात फक्की मारलीय, पार तळ्याच्या भरावावरून. जाऊन बघ." गेले तर खरंच दोन रेघा, मधे पिवळ्या रंगाने नंबर टाकलेले दगड, आणि तीन वर्षांपूर्वी बायकांनी घागरीने पाणी घालून जगवलेली करंजाची रांग बरोबर त्या दोन रेघांच्या मधे. नोटीस पंचायतीच्या फलकावर लागली होती, पण तिच्यावर पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी डकवलेली. हरकतीच्या २१ दिवसांतले १३ दिवस असेच गेले.

नोटीस १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याची आहे. मी तो बसून वाचला. यात जमीन संपादित होत नाही, फक्त तिच्या 'वापराचा हक्क' घेतला जातो. कलम ३ ची अधिसूचना निघाली की कलम ५ प्रमाणे २१ दिवसांत हरकत घ्यायची, सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, सुनावणी द्यायची. कलम ६ ची घोषणा झाली की हक्क गेला. राहतं घर, पक्कं बांधकाम यांच्या खालून लाइन नेता येत नाही, आणि जमिनीखाली एक मीटरपेक्षा कमी खोलीवर ती टाकता येत नाही. इथवर ठीक.

पण कलम ९ वाचून पोटात गोळा आला. त्या पट्ट्यात नंतर झाड लावायचं नाही, विहीर नाही, तळं नाही. शेतकऱ्याच्या रानात एवढ्या पट्ट्यात निदान ज्वारी-बाजरी तरी पेरता येते. आमच्या गायरानाचा उपयोगच झाडं आणि पाणी हा आहे. तळ्याचा गाळ काढून ते रुंद करायचा ठराव आम्ही मागच्या ग्रामसभेत केलाय.

दुसरं, भरपाई. खोदाईत पीक, झाडं यांचं जे नुकसान होईल ते, आणि वर जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. गायरान विकता येत नाही, मग त्याचा बाजारभाव कुठला धरणार? सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन, इतर हक्कात गुरचरण. पैसे सरकारजमा होणार, आणि चारा जाणार ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यांचा. शेळ्यांवर दिवस काढणारी ३०-३५ घरं आहेत आमच्याकडे. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत.

आता अडचण नेमकी अशी. हरकत घ्यायची ती 'जमिनीत हितसंबंध असलेल्या' व्यक्तीने. तलाठी भाऊसाहेब म्हणतात, मालक शासन आहे, पंचायतीचा संबंध नाही. मला हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी जपायला सांगितलं, त्यावर आपल्या शासनाने १२ जुलै २०११ ला निर्णय काढला. गायरानाचा चराईचा हक्क हा हितसंबंध नाही तर काय?

ज्यांनी पाइपलाइनच्या सुनावणीत प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगावं : हरकत ग्रामसभेच्या ठरावाने पंचायतीच्या नावे द्यावी, की चारणाऱ्यांनी प्रत्येकी वेगळी? दोन्ही दिल्या तर एकीमुळे दुसरी अडते का? आम्ही लाइन रद्द करा म्हणत नाही. गायरानाच्या उत्तरेला गाडीरस्ता आहे, त्याच्या कडेने वळवा एवढंच मागणं आहे. असा वळसा कुणाच्या गावात मान्य झाला असेल तर त्या आदेशाची प्रत मिळेल का?

ग्रामसभा शुक्रवारी आहे. हरकत माझ्या हस्ताक्षरात लिहून तयार आहे, तळ्याचे आणि करंजाच्या रांगेचे फोटोही काढलेत. गट नंबर झाकून उद्या सकाळी इथे टाकते, चुका असतील तर त्याआधी दाखवून द्या.