बेटावर मांजरंही आहेत आणि उंदीरही. आधी कोण हटवायचं?

खारा_वारा:
उष्ण प्रदेशातलं साधारण ४० हेक्टरचं बेट धरा. मधे झाडी, काठाला कातळ आणि वाळू, वस्ती नाही. जमिनीवर सुरय (टर्न) अंडी घालतात, बिळांत शिअरवॉटर हे समुद्रपक्षी घरटी करतात. जहाजांबरोबर आलेले काळे उंदीर आहेत आणि कधीतरी सोडून दिलेली मांजरंही. मांजर उंदीर खाते, म्हणून मांजर काढलं तर उंदीर माजतील. उलट उंदीर काढले तर भुकेली मांजरं पक्ष्यांवर तुटून पडतील, असे दोन्ही युक्तिवाद वाचायला मिळतात. क्रम काय असावा? पेट्यांत विष ठेवायचं तर किती पेट्या लागतात? आणि दरवर्षी विणीच्या आधी पिंजरे लावून उंदीर कमी करत राहिलं तर पुरत नाही का?

बेट_राखण:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. दरवर्षी उंदीर कमी करणं आणि बेटावरून उंदीर संपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काळ्या उंदराची मादी वर्षातून अनेकदा विते. शंभरातले नव्वद मारले तरी उरलेल्यांना अन्न मुबलक मिळतं आणि पुढच्या विणीपर्यंत संख्या पुन्हा भरून येते. किती मेले याला अर्थ नाही, शेवटची गाभण मादी राहिली की नाही याला आहे. मनुष्यबळ आणि पैसा मर्यादित असेल तर दहा वर्षं पिंजरे लावण्यापेक्षा एकदाच, पूर्ण तयारीनिशी काम करावं.

आता क्रम. न्यूझीलंडच्या लिटल बॅरिअर बेटावरून १९८० मध्ये मांजरं संपवली, पण पॅसिफिक उंदीर, म्हणजे किओरे, राहिले. मांजरांचा धाक गेल्यावर कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं वाचण्याचं प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्शावरून दहांत एकापर्यंत घसरलं. २००४ मध्ये उंदीरही काढले, तेव्हा ते निम्म्याच्या वर गेलं. म्हणजे तुमची पहिली भीती खरी आहे.

दुसरीही खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. ब्रोडिफॅकमसारखं रक्त गोठू न देणारं विष खाल्लेले उंदीर मांजरं खातात आणि त्यातली बरीच त्यानेच मरतात. उरलेली भुकेली असतात, त्यामुळे सापळ्यावर लवकर येतात. म्हणून उंदरांची मोहीम आधी आणि तिला लागूनच, काही आठवड्यांत, मांजरांची. मधे वर्षभराची फट पडू देऊ नका. मांजरांचे सापळे, रात्रीचे दिवे, प्रशिक्षित कुत्रे आणि माणसं विष टाकण्याआधीच बेटावर तयार हवीत.

फक्त मांजर आणि उंदीर मोजून थांबू नका. ससे आहेत का, शेळ्या आहेत का, तेही बघा. मॅक्वेरी बेटावर २००० साली मांजरं संपली, त्यानंतर सशांनी उतारावरचं गवत इतकं खाल्लं की पक्ष्यांची बिळं उघडी पडली आणि उतार ढासळू लागले. शेवटी ससे, काळे उंदीर आणि घरउंदीर (हाउस माऊस, काळ्या उंदराहून खूप छोटी जात) यांची एकत्र मोहीम काढावी लागली, ती २०१४ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

आमिषपेटी:
पेट्यांचं गणित सोपं आहे, जमिनीवर उतरवणं अवघड. काळ्या उंदराचा वावर लहान असतो, म्हणून दाट झाडीत २५ मीटरची चौकट धरावी. ४० हेक्टर म्हणजे ४ लाख चौरस मीटर, एका पेटीला ६२५, म्हणजे ६४० पेट्या. ५० मीटर धरलं तर १६० पुरतात, पण ते अंतर तपकिरी उंदराला आणि मोकळ्या जमिनीला चालतं. घरउंदीरही असतील तर चौकट १० मीटरपर्यंत आणावी लागते आणि मग पेट्यांनी भागेल का, याचाच फेरविचार करावा लागतो.

जाळी नकाशावर आखली की ती कातळाच्या कड्यावर, भरतीच्या रेषेवर आणि शेजारच्या सुट्या खडकांवरही गेली पाहिजे. बहुतेक मोहिमा इथेच फसतात. माणूस दोर लावून उतरायला कंटाळतो, उंदीर नेमका तिथेच राहतो. काळा उंदीर झाडावर राहतो आणि काही उंदीर जमिनीवर फारसे उतरतच नाहीत. म्हणून उंच झाडांच्या शेंड्यांतही आमिषाच्या पुरचुंड्या अडकवाव्या लागतात.

विषाची निवड: ब्रोडिफॅकमच्या गोळ्यांत त्याचं प्रमाण साधारण दशलक्षात २० ते २५ भाग असतं. ते व्हिटॅमिन के चं काम बंद पाडतं. उंदीर लगेच न मरता काही दिवसांनी मरतो, म्हणून त्रास आणि आमिष यांचा संबंध त्याला जोडता येत नाही आणि बाकीचे सावध होत नाहीत. झटपट मारणारं विष इथे उपयोगाचं नाही. ज्याने थोडं चाखून जीव वाचवला तो पुन्हा कधी तोंड लावत नाही.

पेट्या आधी रिकाम्या मांडून ठेवा, उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. विष भरल्यावर पहिले काही दिवस रोज फेरी, जितकं खाल्लं तितकं भरायचं. खाणं पूर्ण थांबल्यावरही पेट्या उचलू नका.

वेळ निवडताना दोन गोष्टी जुळायला हव्यात: बहुतेक पक्षी विणीला नसतील असा काळ आणि उंदरांना नैसर्गिक अन्न कमी असेल असा काळ. उष्ण प्रदेशात तो कोरड्या ऋतूच्या शेवटी येतो. हेंडरसन बेटावर २०११ मध्ये हेलिकॉप्टरने विष टाकूनही काही डझन उंदीर वाचले आणि काही वर्षांत संख्या पूर्ववत झाली. पावसाने झाडांना भरपूर फळं आली होती, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

लाटांपलीकडे:
खेकड्यांचा विषय राहिला. उष्ण बेटांवर हाच सगळ्यात मोठा फरक पडतो. त्यांचं रक्त आपल्यासारखं गोठत नाही, त्यामुळे हे विष त्यांना मारत नाही, आणि ते आमिष मात्र फस्त करतात. पाल्मिरा प्रवाळबेटावर २०११ मध्ये त्यामुळेच दर फेरीला हेक्टरी ७५ ते ८० किलो आमिष टाकावं लागलं. तुलनेसाठी, थंड प्रदेशातल्या ११,३०० हेक्टरच्या कॅम्पबेल बेटावर २००१ मध्ये एकूण १२० टन, म्हणजे हेक्टरी अकरा किलोच्या आत भागलं होतं. लक्ष्य हे ठेवा की प्रत्येक उंदराच्या वावरात किमान चार रात्री आमिष शिल्लक राहिलं पाहिजे. आधी बिनविषारी गोळ्या टाकून ती किती रात्रींत संपतात ते मोजा आणि त्यावरून मात्रा ठरवा. पेट्या वापरणार असाल तर त्या बुंध्याला खेकडा पोचणार नाही इतक्या उंचीवर बांधा. हाताने किंवा हेलिकॉप्टरने पसरणार असाल तर दुसरी फेरी साधारण तीन आठवड्यांनी हवी, कारण पहिल्या फेरीवेळी बिळात असलेली पिल्लं तोवर बाहेर पडतात.

आणखी एक. ज्यांना मारायचं नाही ते पक्षी आधी मोजा. अलास्काच्या अल्युशियन द्वीपमाळेतल्या रॅट आयलंडवर (आता नाव हवाडॅक्स) २००८ मध्ये उंदीर संपले, पण ४० हून अधिक बाल्ड ईगल आणि शेकडो कुरव मेले. मेलेले उंदीर आणि पक्षी रोज उचलणं हे मोहिमेच्या खर्चात धरलेलं असावं. बेटावर स्थानिक जमिनीवरचा पक्षी किंवा मूळचा छोटा सस्तन प्राणी असेल तर त्यातले काही आधीच पिंजऱ्यात सुरक्षित ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावर तिथल्या मूळच्या डिअर माऊसचं तसंच केलं होतं.

खारा_वारा:
खूप मदत झाली. घरउंदीर आहेत की नाहीत याची खात्री नाही. ते इतके छोटे, पक्ष्यांना खरंच इजा करतात का? आणि काम झालं हे कधी म्हणायचं?

बेट_राखण:
करतात, आणि भयंकर करतात. गॉफ बेटावर ते रात्री अल्बाट्रॉसच्या जिवंत पिल्लांचे लचके तोडतात. पिल्लू त्यांच्या कित्येक पट वजनाचं असतं, पण या शत्रूशी झगडण्याची सवयच त्याच्या जातीला कधी लागलेली नाही. मेरिअन बेटावर १९९१ पर्यंत मांजरं संपवली, आणि आता तिथेही अल्बाट्रॉसवर घरउंदरांचे हल्ले होतात. गॉफवर २०२१ मध्ये विष टाकलं, पण त्याच डिसेंबरात कॅमेऱ्यात एक घरउंदीर दिसला, म्हणजे ते संपले नव्हते. म्हणून आधी नक्की ओळखा. मेणाच्या ठोकळ्यावर शेंगदाण्याचं लोणी लावून ठेवा. दातांच्या जोडखुणा बारीक, दोनेक मिलिमीटरच्या आत असतील तर घरउंदीर, त्याहून रुंद असतील तर मोठा. खेकड्याच्या नांग्यांनी कडा फाटल्यासारख्या होतात. प्रौढ पक्ष्याचे पंख जागेवर आणि छाती खाल्लेली दिसली तर बहुधा मांजर.

झालं कधी म्हणायचं? उंदरांसाठी शेवटच्या खुणेनंतर दोन वर्षं, त्याआधी नाही. पावलांचे ठसे उमटावेत म्हणून शाईचे कागद घातलेले छोटे बोगदे, चावण्याचे ठोकळे, कॅमेरे, जमल्यास प्रशिक्षित कुत्रा, हे सगळं त्या काळात चालू राहावं. एकच उंदीर शिल्लक असला तर तो शोधणं किती कठीण, हे न्यूझीलंडमध्ये मुद्दाम करून पाहिलं होतं. छोट्या बेटावर सोडलेला एक तपकिरी उंदीर १८ आठवडे हाती लागला नाही आणि मधे ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. तुमच्या बेटाजवळ एवढ्या अंतरात दुसरा खडक किंवा किनारा असेल तर तोही मोहिमेत घ्यावा लागेल.

आमिषपेटी:
त्या दोन वर्षांनंतरही उतरण्याच्या जागी पेट्या कायम राहू द्या. येणारं सामान झाकण बसणाऱ्या डब्यांत भरा आणि किनाऱ्यावर नाही, बंद खोलीत उघडा. होडी रात्रभर बांधून ठेवायची असेल तर दोरावर उंदीर अडवणारी चकती लावा. सुरय लवकर परततात. शिअरवॉटरना वर्षं लागतात, कारण पिल्लू पहिल्यांदा विणीला यायलाच अनेक वर्षं घेतं. तिथे ध्वनिमुद्रित हाका आणि तयार कृत्रिम बिळं यांचा उपयोग होतो. असेन्शन बेट २००६ मध्ये मांजरमुक्त जाहीर झालं, आणि तिथले फ्रिगेट हे समुद्रपक्षी मुख्य बेटावर पुन्हा घरटी करू लागले ते २०१२ मध्ये.