हायब्रिड घ्यावी का? आधी रनिंग बघा

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, घ्यावी का या चर्चेत एकांनी 'मायलेज दीडपट, म्हणजे डोळे झाकून घ्या' असं म्हटलंय. मायलेजचं खरं आहे, डोळे मात्र उघडे ठेवा.

महिना १,००० किमी, पेट्रोल १०५ रुपये धरू. साधी गाडी १४ देते, हायब्रिड २२. महिन्याला २६ लिटर, म्हणजे साधारण २,७०० रुपये वाचले. ऑन-रोड फरक अडीच लाखांचा असेल, तर तो वसूल व्हायला साडेसात वर्षं! तेच रनिंग २,००० असेल तर चार वर्षांच्या आत. त्यात विम्याचा हप्ताही थोडा जास्तच.

आणि रनिंग कुठलं, तेही बघा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मेव्हण्याच्या गाडीत बसलो होतो. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकतेय आणि इंजिन चक्क बंद, फक्त एसीचा आवाज. ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते, म्हणून खरी बचत शहरात. एक्सप्रेसवेवर एका वेगात पळवलीत तर फरक बराच कमी होतो.

डिकीचं मात्र त्या चर्चेत कुणीच बोललं नाही. काही हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असल्याने जागा खाते. गावाहून येताना मेव्हण्याच्या आंब्याच्या दोन पेट्या मागच्या सीटवर, आणि सासूबाई पुढे!