शब्दचर्चा : ‘हजेरी’ किती?

खानापूरकर : आमच्याकडं शेतातल्या दिवसाच्या मजुरीला ‘हजेरी’ म्हणतात. ‘यंदा भातलावणीला हजेरी किती?’ शाळेतली हजेरी ठाऊक आहे, पण पैशाला हा शब्द कसा चिकटला? आणि ‘बाईची हजेरी’, ‘गड्याची हजेरी’ अशा दोन कशाला? हजर तर दोघंही असतात की!

निपाणीची सून : मूळ अरबी ‘हाजिर’. वहीत हजेरी मांडायची, बाजारादिवशी तेवढे पैसे द्यायचे. खुणेचीच रक्कम झाली. ‘रोज’चंही तसंच, फारसीत तो नुसता दिवस. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आलेला, तो महिन्याचा. निपाणीत बिडीला मात्र हजेरी नाहीच, हजार बिड्यांवर हिशेब. सासू, सून, पोरगी मिळून वळतात आणि नाव एकीचंच. असो, विषय भरकटला.

सीमावासी : कन्नडात मजुरी म्हणजे ‘कूली’, मजूर म्हणजे ‘आळु’. गंडाळु हा गडी, हेण्णाळु ही बाई. आपल्याकडं ‘गडी’ला जोडीचा शब्दच नाही. ‘उद्या दोन गडी, सहा बायका सांगा.’ पुरुष कामावर आला की गडी होतो, बाई बाईच राहते.

चिकोडी : ऊसतोडीतला ‘कोयता’ घ्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, तिचा वाटा कुठं वेगळा लिहीत नाहीत. एकटा आला तर ‘अर्धा कोयता’. म्हणजे निम्मं काम तिचं हे भाषेला कळतं, मुकादमाच्या वहीला नाही.

खानापूरकर : समान वेतनाचा कायदा आहे ना पण?

सीमावासी : खोच शब्दातच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1951 च्या करारात ‘समान मूल्याच्या कामाला’ समान वेतन आहे. भारतानं तो 1958 मध्ये मान्य केला. आपल्या 1976 च्या कायद्यात मात्र ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’ होतं, त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही तेच शब्द. भांगलण (खुरपणी) बाईची, नांगरट गड्याची. कामाचं नाव बदललं की तुलनाच नको. उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीत, हा घोळ नव्हता. 2024-25 ला आपल्याकडं कर्नाटकात दिवसाला 349 रुपये, पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला 297, पण दोन्हीकडं बाई-गडी सारखेच.

खानापूरकर : आमचे वडील म्हणतात, गड्याचं काम ‘जड’, बाईचं ‘हलकं’. गेल्या आषाढात हौसेनं लावणीला उतरलो. पोटरीभर चिखल, पाठीवर पाऊस, उलटं सरकत रोप टोचायचं. दुपारी कंबर सरळ होईना. गडी बांधावर उभा राहून तरव्याच्या (रोपांच्या) पेंड्या फेकत होता. जड काम ते! संध्याकाळी त्याला हजेरी जास्त.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘पेंड्या फेकायला मला कुणी सांगितलंच नाही कधी.’