अनुभव धागा : निर्णय चुकला तर?

गेल्या महिन्यात फ्लॅटचं टोकन द्यायचं होतं. आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत मी जागी. वीस वर्षांचं कर्ज, नवऱ्याची नोकरी कंत्राटी, समोर एक्सेलची शीट. रकाने वाढत होते, उत्तर काही येत नव्हतं. आई पाणी प्यायला उठली नि म्हणाली, "काय गं, अर्जुनासारखी बसलीयेस?" मी म्हटलं, "त्याला सारथी तरी होता."

चिडून बोलले, पण दुसऱ्या दिवशी गीता उघडली. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःला 'धर्मसंमूढचेताः' म्हणवतो. काय करणं योग्य, याच बाबतीत त्याची बुद्धी गोंधळलीय. आणि अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. नीट विचार कर आणि तुला हवं ते कर. एवढं ऐकून घेतल्यावर निर्णय पुन्हा अर्जुनाच्याच गळ्यात! खरं सांगते, थोडा रागच आला.

तर तुमचं काय झालं, ते लिहा. निर्णयाच्या भीतीने हातपाय गळाले तेव्हा कुठला श्लोक, अभंग, घरातल्या कुणाचं बोलणं उपयोगी पडलं? किंवा मुळीच पडलं नाही? प्रवचन नको, एवढीच विनंती.

आडवाटेचा
हातच्या हात एक शंका : तोच कृष्ण दुसऱ्या अध्यायात 'तस्माद्युध्यस्व भारत', म्हणजे 'तेव्हा लढ', म्हणून मोकळा झालाय की. मत आधी देऊन ठेवायचं आणि शेवटी 'तुझं तू बघ'. आमचे बाबा अगदी असेच.

रातांबा
आमची सिंधुदुर्गातली आंब्याची बाग विकायची की नाही, यावर वडील आणि तीन काका दोन वर्षं भांडत होते. शेवटी रवळनाथाला कौल लावायचं ठरलं. मी मुंबईहून गेलो ते मनात हसतच. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तास झाला, एकही पडेना. गुरव वळून म्हणाला, "प्रश्नच वाकडो आसा, देव काय बोलतलो?"

मग देवळाच्या पायरीवर बसून चौघे प्रश्न सरळ करायला लागले. बाग विकायची का, असं विचारायचं, की धाकट्या काकाचं कर्ज फेडायचं का, असं? दोन वर्षांत कर्जाचा विषय कुणी उघड काढला नव्हता. धाकटा काका तिथेच रडला. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं तेव्हा उजवी कळी पडली. पण मला विचाराल तर निकाल पायरीवर लागला होता. बाग आहे अजून; कर्ज चौघांनी वाटून घेतलं.

टाळचिपळी
माझा साखरपुडा मोडला, म्हणजे मी मोडला. मुलगा वाईट नव्हता, त्यामुळे सांगायला कारणच नव्हतं. 'लोक काय म्हणतील' हे सगळ्यात जोरात म्हणणारी आमची आजी. माळकरी, रोज हरिपाठ, दरवर्षी वारी. तिलाच मी तिचा आवडता अभंग ऐकवला, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥' आणि वर विचारलं, "हे फक्त टाळ वाजवायला आहे का गं?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांची साडी परत करायची असेल तर आधी ड्रायक्लीन करून आण."

नापास इंजिनिअर
मला उलटा अनुभव. 'कर्मण्येवाधिकारस्ते' ऐकवून मला इंजिनिअरिंगला घातलं. फळाकडे बघू नकोस, म्हणजे मार्कांबद्दल तक्रार करू नकोस, असा आमच्याकडचा अर्थ. चार वर्षांनी सोडलं, तेव्हा दुकानात बसवायला 'श्रेयान्स्वधर्मो', म्हणजे आपला धर्मच बरा, हे निघालं. श्लोक तेच, गरजेप्रमाणे काढायचे. मी आता बेकरी चालवतो आणि घरात कुणी संस्कृत बोललं की पाव भाजायला जातो.

शुभ्रकांत
मी निवृत्त शिक्षक. लिहावं की नाही, असा विचार करत होतो.

वडील 81 वर्षांचे असताना घरात पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन केलं तर कदाचित चालतील, नाही केलं तर अंथरुणाला खिळतील. डॉक्टरांनी दोन्हीकडचे धोके स्पष्ट सांगितले. सही मी केली. आठव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. कुणी मला बोललं नाही. फक्त तेराव्याला धाकटा भाऊ सहज म्हणाला, "नसतं केलं तर असते का रे?" ते 'सहज' मी सहा वर्षं उराशी घेऊन फिरलो. बँकेत कुठेही सही करताना हात थांबायचा.

मी गीता शिकवलीय, परीक्षेला प्रश्न काढलेत. तरी अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक माझ्यासाठी आहे, हे लक्षात यायला तेवढी वर्षं गेली. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळे व्यापार आणि पाचवं दैव. म्हणजे 81 वर्षांचं शरीर, मी, शस्त्रक्रियेची सामग्री, सगळ्यांची धावपळ आणि जे कुणाच्याच हातात नव्हतं ते. दोन श्लोक पुढे म्हटलंय, जो 'केवल' स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हा 'केवल' मी मुलांना विशेषण म्हणून शिकवत आलो होतो.

पाचांत वाटणी झाल्यावर माझ्या वाट्याला एक आला. तो आहे माझ्याकडे.

आडवाटेचा
काका, लिहिलंत ते बरं केलंत.

डच चहा
मी पीएचडी तिसऱ्या वर्षी सोडली. सल्ले इतके आले की एक वही भरली. तेव्हा मावशीने तैत्तिरीय उपनिषदातली शिक्षावल्ली वाचायला दिली. 'मातृदेवो भव' आपल्याला पाठ असतं, त्याच्या थोडं पुढे कुणी जात नाही. शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू तिथे सांगतात : कर्माबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका आली, तर जे विचारी आहेत, कामात मुरलेले आहेत आणि 'अलूक्ष' आहेत, ते तशा वेळी कसे वागतात ते बघ आणि तसं वाग. अलूक्ष म्हणजे रूक्ष नसलेले, मायाळू. मी वहीतली नावं या चाळणीतून काढली. अत्यंत हुशार पण जिभेला धार असलेला मामा पहिल्या फेरीत गेला. उरली तीन माणसं, त्यातल्या एक आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस बाई. त्यांनी सल्ला दिलाच नाही. नेदरलँड्सचं शिक्षण स्वतः अर्धवट सोडून काय काय केलं, ते दोन कप चहात सांगितलं.

काळी जमीन
लातूरकडचा शेतकरी. तुमचे निर्णय आयुष्यात चार-पाच; आमचा दर जूनला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईस्तोवर पेरू नका म्हणतात. दोन सालांमागं मृगात एकच दणका झाला, समद्यांनी तिफणी काढल्या, मी बी पेरलं. एकरी तीस किलो सोयाबीन. मग तीन आठवडे थेंब नाही. दुबार पेरणीला बियाणं उसनं आणलं. वडील सप्त्यातले जुने टाळकरी. मला वाटलं आता बोलतील. 'आलिया भोगासी असावे सादर' एवढंच म्हणले आन ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडाया लागले. 'देवावरी भार घालूनिया' ही पुढची ओळ मी म्हणलो तर म्हणले, "भार नंतर घाल, आधी बोल्ट आवळ."

आडवाटेचा
मी दोन स्थळं आणि एक नोकरी 'बघू' म्हणत घालवली. शुभ्रकांत काका, महाभारतात उशीर करणाऱ्यांसाठी काही आहे का?

शुभ्रकांत
आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. शांतिपर्वातला चिरकारी. बाप म्हणाला, आईला मार; हा विचार करत बसला, तोवर बाप पस्तावून परत आला आणि लेकाच्या उशिराचं कौतुक केलं. त्याच पर्वात तीन माशांची गोष्ट आहे. तिथे 'बघू' म्हणणारा दीर्घसूत्री जाळ्यात सापडून मरतो. स्थळं गेली तर काळजी नको. जाळं आहे का ते तेवढं बघा.

धागाकर्ती
सगळ्यांना उत्तरं देते, एकेक करून. काळी जमीन, तुमच्या दुबार पेरणीवरून अठराव्यातलंच आठवलं, 'सर्वारम्भा हि दोषेण धूमेनाग्निरिवावृताः'. कुठलंही काम सुरू करा, विस्तवाला धूर असतोच. हे मी टोकनच्या रात्री वाचलं असतं तर झोपले असते का, माहीत नाही.

टोकन दिलं हो, परवा. काल वॉचमनने सांगितलं, एप्रिलपासून पाण्याला टँकर लागतो. शीटमध्ये हा रकानाच नव्हता. आई म्हणतेय, पिंप दोन घे.